प्लॅस्टिकखालचा पोपट

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात, जुन्या खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपच्या दारात खुर्ची अडकली आणि कुशल पुटपुटला, ‘‘अगं, वळ ना जरा!’’

‘‘खुर्चीला म्हणताय की मला?’’ आतून आवाज आला. चक्क मराठीत.

तिचं नाव मैत्री, वर्कशॉप तिचंच. ओठांत धरलेले बारीक खिळे तळहातावर काढून ती हसत होती.

खुर्ची जुनी, फ्रेंच. हातांवर कोरलेली पानं, बैठकीवर विणलेला पोपट. त्याच्या बायकोनं, मोनालीनं, एका सेलमधून हौसेनं आणलेली. खराब होऊ नये म्हणून कुशलनं ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, लहानपणी घरच्या सोफ्याला असायचं तसं. मोनाली त्या प्लॅस्टिकवरच बसायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली, आणि आता पोपटाला बुरशी आली होती.

‘‘श्वास कोंडला बिचाऱ्याचा,’’ मैत्री म्हणाली. ‘‘आणि बसून बसून इथे खड्डा पडलाय. नवीन भरून सपाट करू?’’

‘‘नको… म्हणजे… माहीत नाही.’’

‘‘मग शनिवारी ठरवून सांगा.’’

तो पाच शनिवार तिकडे गेला. दर वेळी ठरवून निघायचा आणि नुसता चहा पिऊन, तिच्याशी हसून परतायचा. परतताना गाडीत मोनालीची माफी मागायचा. कशाची, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सहाव्या शनिवारी मैत्रीनं खुर्ची उलटी केली. खालच्या लाकडावर पुसट ठसा होता.

‘‘हा सांगाडा करणाऱ्याचा. कोरणारा वेगळा, पोपट विणणारा वेगळा. गादी भरणारे तर किती झाले असतील!’’

‘‘आणि तुम्ही?’’

‘‘मी आत्ताची. बैठकीखालचे पट्टे बदलले, पोपट धुतला.’’ तिनं खुर्ची सरळ केली. ‘‘खड्डा तसाच ठेवलाय. हात ठेवून बघा.’’

त्यानं तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मैत्री उगाच खिळे मोजत राहिली.

बाहेर पाऊस सुरू झाला.

‘‘गाडीपर्यंत न्यायला प्लॅस्टिक आणलंय ना?’’

‘‘नाही… विसरलो.’’

मैत्रीनं खिडकीतून पाहिलं. गाडीच्या मागच्या काचेत अख्खा रोल दिसत होता.

‘‘कुशल, खोटं बोलता येत नाही तुला.’’

तुला! त्याचे कान तापले. ‘‘पाऊस थांबेपर्यंत… बसू?’’

‘‘बस. पण तिथे नको, खड्डा मोडेल.’’ तिनं पायानं शेजारचं स्टूल पुढे सरकवलं. ‘‘इकडे ये.’’