नाव नसलेल्या कुत्र्याचा दावा

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या त्या बाकड्याचा एक पाय आखूड होता. ती या टोकाला बसली, बाकडं कललं आणि त्या टोकाला बसलेल्या माणसाचा चहा त्याच्याच शर्टावर सांडला.

"असू द्या," तो म्हणाला. "या शर्टाला सवय आहे."

होतीच. शर्टभर रंगाचे शिंतोडे होते. नखांच्या कडेला पांढरा रंग, आणि एका भुवईवर... तिथंही पांढरा ठिपका. सांगावं का याला? नको, बरा दिसतोय. असं मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. आपण इथं भांडायला आलोय!

तिनं पिशवीतून चामड्याचा तुकडा काढला, घडी घातली आणि बाकड्याच्या पायाखाली सरकवली.

"सुतारकाम करता?"

"वडील करायचे. मी खुर्च्यांना, सोफ्यांना कापड चढवते."

"मग रोज येत जा कोर्टात. इथं सगळंच डगमगतंय."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

"तुम्ही कशासाठी आलात?" तिनं विचारलं.

"दावा लावलाय माझ्यावर. कोण एक बाई आहे. तोंडही न बघता मला चोर ठरवून मोकळी झाली. दारावर चिठ्ठी चिकटवून गेली. अक्षर असं, की कागदावर खिळे ठोकलेत."

तिचे कान तापले. "आणि... चोरलंत काय?"

"कुत्रा."

तिनं वाकून चामड्याचा तुकडा खेचून काढला. बाकडं पुन्हा कललं. उरलासुरला चहाही शर्टावर गेला.

"ते अक्षर माझं आहे," ती म्हणाली आणि उठून भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

भांडणाला कारण होतं. आजारात तिच्या वडिलांचं स्वरयंत्र काढावं लागलं, घरातला त्यांचा आवाज संपला. कुत्रा आला तो त्यानंतर, पिल्लू असताना. वडिलांना हाकच मारता येत नव्हती, मग नाव ठेवून करायचं काय? त्यांनी लाकडावर बोटांची पेरं आपटून त्याला शिकवलं. एक ठोका म्हणजे बस. दोन म्हणजे ये. हळूहळू बाप-लेकही तसंच बोलू लागले. वडील हॉस्पिटलात अखेरचे दिवस मोजत होते, ती त्यांच्या उशाशी होती, आणि घर सांभाळायला आलेल्या आत्याकडून फाटक उघडं राहिलं. ती परतली तेव्हा घरात वडील नव्हते आणि कुत्राही नव्हता. ती भाषा कळणारा जगात तेवढा एकच जीव उरला होता. जनावरांच्या डॉक्टरकडून त्याचा पत्ता लागला, तेव्हा ती रंगाऱ्याच्या बंद दारावर तीनदा जाऊन आली. तो कामावर. चौथ्यांदा चिठ्ठी लावली. उत्तरही चिठ्ठीनंच आलं: चोर म्हणणाऱ्याला कुत्रा मिळणार नाही.

झालं. दावा.

न्यायाधीश बाईंनी कागद चाळले. "किमतीचा रकाना कोरा आहे."

"किंमत नाही त्याला."

"मॅडम, इथं लहान रकमांचे दावे चालतात. वस्तू किंवा वस्तूची किंमत."

"वस्तू नाही, कुत्रा आहे."

"कायद्याच्या लेखी वस्तूच."

ज्यानं हा कायदा लिहिला त्याच्या दाराशी कुणी कधी वाट बघत बसलं नसावं! खुर्ची हरवली तरी तोच रकाना, कुत्रा हरवला तरी तोच. खुर्ची अन्न सोडत नाही, हे या शहाण्यांना सांगायचं कुणी?

"तुम्ही सांगा किंमत," न्यायाधीश बाई रंगाऱ्याकडे वळल्या.

"मला विकायचा नाही."

"मग मालकाला शोधलंत का?"

"गल्लोगल्ली कागद चिकटवले. 'बहिरा कुत्रा सापडला आहे.' कुणी फिरकलं नाही."

"मी वाचला होता तो कागद," ती ताडकन म्हणाली. "वाचला आणि पुढे गेले. आमचा बहिरा नाही."

"बहिराच आहे! हाका मारून मारून घसा बसला माझा. राजा म्हटलं, वाघ्या म्हटलं, शेवटी हात जोडून साहेब म्हटलं. ढिम्म!"

कोर्टात हशा पिकला. ज्याच्यावरून एवढं रामायण चाललं होतं, तो, सकाळीच रंगाऱ्यानं कोर्टाच्या ताब्यात दिलेला, कारकुनाच्या टेबलाखाली त्याच्या बुटांवर मान टाकून झोपला होता.

तिनं समोरच्या लाकडी कठड्यावर पेरं आपटली. ठक ठक.

टेबलाखाली कान उभे राहिले. मग तो सगळाच उभा राहिला आणि लंगडत, घाईघाईनं, जवळजवळ पडत तिच्याकडे आला. तिनं एक ठोका दिला. तो बसला.

हशा कुठच्या कुठे गेला.

"हा लंगडतोय..." ती त्याच्या पायाशी वाकली.

"गटारात सापडला. पाय मोडला होता," रंगारी म्हणाला. "टेकवेल असं डॉक्टरांनाही वाटत नव्हतं."

मग तिनं वडिलांचं सांगितलं. तो ऐकत राहिला. मान खाली घालून म्हणाला, "म्हणजे इतके महिने हा माझ्या हाकेची वाट बघत होता. आणि मी भलत्याच भाषेत ओरडत होतो."

संतापानं आली होती ती. आता तो संताप ठेवायला जागा सापडेना.

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "पुढच्या तारखेपर्यंत एक आठवडा यांच्याकडे, एक आठवडा त्यांच्याकडे. आणि येताना किंमत ठरवून या."

तो रविवारी तिच्या वर्कशॉपमध्ये यायचा, कधी कुत्रा सोडायला, कधी न्यायला. दोन मिनिटांचं काम. पण आधी कुठल्याशा खुर्चीचा दांडा पॉलिशला आलेला असायचा, मग चहा व्हायचा, मग...

"कुत्रा न्यायला आलास की मुक्कामाला?" आत्या विचारायची.

"आत्या, साहेब निघायला तयार नाहीत. मी काय करू?"

"साहेब केव्हाचा दारात उभा आहे. तूच हलत नाहीस, रंगारीबुवा."

त्याला ठोके शिकायचे होते. वडिलांच्या जुन्या सुतारी टेबलावर ती शिकवायची. तो फार जोरानं मारायचा.

"भिंत पाडताय का? पेरानं... असं." तिनं त्याची मूठ सैल केली. बोटं खरखरीत होती, चुन्यानं खाल्लेली. तिनं हात पटकन सोडला. कुत्र्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"अजून आहेत का ठोके?"

"एक आहे." ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. "तीन. संथ. मी इथंच आहे, एवढंच. बाबा खाटेच्या दांडीवर मारायचे. हॉस्पिटलात शेवटी मीच मारत होते... तिकडून काही आलं नाही."

त्याचा हात टेबलावर होता. त्यानं तो हळूच उचलला आणि मांडीवर ठेवला. तो ठोका त्यानं वापरून पाहिला नाही. फक्त हात उचलला.

तेव्हाच ती हरली. कोर्टातला दावा अजून चालू होता, एवढंच.

तारखेच्या दिवशी दावा मागे घ्यायचा, असं ठरवून ती गेली. पण हाक झाली आणि तोच आधी उभा राहिला.

"दावा कबूल आहे. कुत्रा यांचा. मला दुसरं काही म्हणायचं नाही."

"आणि किंमत?"

"ती नाहीच, बाई."

"अहो, पण मला विचारा तरी—" ती म्हणेपर्यंत सही झाली होती. त्यानं खाली बसून कुत्र्याच्या मानेवर हात ठेवला, एक ठोका दिला, बस, आणि मागे न बघता निघून गेला. पठ्ठ्या! कुणाचं भलं करायचं तर त्या माणसाला विचारावं, एवढीही अक्कल नसते यांना.

रविवार आला. कुत्रा सकाळपासून दाराकडे तोंड करून बसला होता. वाडग्यातलं तसंच. ती एका खुर्चीला खिळे मारत होती आणि प्रत्येक खिळा वाकडा जात होता.

"जिंकलीस ना?" आत्या म्हणाली. "मग घरात हे दोन हरलेले कोण बसलेत?"

तिनं वाकडा खिळा उपटला. डोळे मात्र भरले. वडील गेले तेव्हाही आत्यासमोर भरले नव्हते.

आणि वर्कशॉपच्या फळ्यांच्या दारावर...

ठक.

ठक.

ठक.

संथ. पेरानं. जसं शिकवलं होतं तसं, अगदी सैल मुठीनं.

कुत्रा उठला, पण दाराकडे गेला नाही. त्यानं तिच्याकडे पाहिलं. उत्तर तिनं द्यायचं होतं.

आत्या आत निघून गेली. ती दाराशी आली. आतून फळीवर हात टेकला. पलीकडे कुणीतरी श्वास रोखून उभं होतं, ते लाकडातूनही कळत होतं.

तिनं दोन ठोके दिले.

दार उघडलं. तो उंबऱ्यातच थांबला. "साहेबांसाठी नाही आलो," तो म्हणाला. "म्हणजे... त्यांच्यासाठीही. पण आधी तुझ्यासाठी."

त्याच्या भुवईवर पुन्हा पांढरा ठिपका होता. या वेळी ती अंगठ्यानं पुसायला गेली. रंग सुकलेला होता, निघाला नाही.

हात मात्र तिनं मागे घेतला नाही.