सात नंबरचा माग

"साहेब, या वेळी त्यांनी हात उचलला नाही," शोभा म्हणाली.

सुधाकर बोरोलेने डोळे चोळले. नागपूरची पोलिसातली नोकरी सोडून तो बुऱ्हाणपुरात खासगी तपास करत होता. 'या वेळी' हे शब्द त्याने फार ऐकले होते.

शेजारी बसलेल्या त्याच्या मित्राला, प्रकाश मास्तरांना मात्र उघड्या जीपमधली मिरवणूक आठवत होती. शोभाचा नवरा यादव महाजन, फौजेतला मुष्टियोद्धा, प्रांताचा विजेता! मास्तरांनी स्वतः फुलं उधळली होती. पुढे इतवारा पेठेतल्या एका मारामारीत यादवच्या ठोशाने कुणाचा तरी जबडा मोडला. सहा महिन्यांची शिक्षा झाली. मग राज्यांची पुनर्रचना झाली, कोर्टं बदलली, अपील पडूनच राहिलं.

आणि आता सिंधीपुऱ्यातला विणकर लोटू मेला होता. आदल्या संध्याकाळी भर चौकात यादवशी त्याची बाचाबाची झालेली. यादव कोठडीत होता, आणि ठोसा मारताना त्याला पाहिल्याची जबानी लोटूच्या मागमालकाने, चुडामणशेठने दिली होती.

यादव गजांआड भिंतीला टेकून बसला होता.

"लोटू मेला तेव्हा, काल दुपारी चारला, कुठे होतास?" सुधाकरने विचारलं.

"तापीवर. एकटाच."

"भांडण कशावरून?"

"लोटू म्हणे, माग बिघडलाय, शेठ ऐकत नाही. मी म्हटलं, सोड मग काम. तर भडकला." त्याने डोळे मिटले. "कुठे काही झालं की लोकांना माझाच हात दिसतो. दिसू द्या. थकलो मी."

सरकारी डॉक्टरांनी थोडक्यात सांगितलं. डाव्या कानशिलावर एकच जखम, बोराएवढी, गोल आणि खोल. बाकी अंगावर ओरखडाही नाही.

"काय हात आहे!" मास्तर पुटपुटले.

चुडामणशेठ कारखान्याच्या दारातच भेटला. "लोटू बिडी ओढायला गल्लीत आला. यादव आला अन् एकच ठोसा! माझ्या डोळ्यांदेखत."

आत आठ माग धडधडत होते. मास्तरांना स्वतःचा खोकलाही ऐकू येईना. माग दुरुस्त करणाऱ्या निंबाला प्रश्न विचारायला खुणा करून अंगणात आणावं लागलं.

"दुसरा विणकर आलाच नव्हता," निंबा म्हणाला. "मी अन् लोटू, दोघंच. तो बाहेर गेला. मी सात नंबरपाशी होतो, तिथंच त्याची चीख ऐकली. 'मेलो रे!' म्हणून. पळत गेलो तर हा पडलेला."

"माग चालू होते?"

"दिनभर. लाइट एकदाही गेली नाही."

परत निघताना सुधाकर सात नंबरपाशी थांबला. सूत घेऊन धोटा इकडून तिकडे धावत होता. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. या मागापुढे तारेची कोरी जाळी बसवलेली होती. बाकीचे सात माग उघडेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार, चुडामणशेठ आणि निंबा सात नंबरपाशी उभे होते.

"मास्तर," सुधाकर त्यांच्या कानाशी लागून ओरडला, "गल्लीत जा आणि 'मेलो' म्हणून जिवाच्या आकांताने ओरडा."

मास्तर ओशाळले, पण गेले. तीनदा ओरडले. समोरच्या घरातल्या बायका धावत बाहेर आल्या. मास्तर आत परतले, तर चौघंही तसेच उभे. कुणाची मानसुद्धा वळलेली नव्हती.

सुधाकरने माग बंद करायला लावले. अचानक पडलेल्या शांततेत त्याचा आवाज थकलेला वाटला.

"मास्तर तीनदा ओरडले, फौजदारसाहेब. तुम्हाला ऐकू आलं नाही. मग निंबाला लोटूची किंकाळी कशी ऐकू आली? लोटू गल्लीत मेलाच नाही. ठोशाने बोराएवढं भोक पडत नाही, ते धोट्याच्या अणीने पडतं. बिघडलेल्या मागातून धोटा बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. आठांपैकी याच मागाला जाळी लागली आहे, तीही कोरी. निंबा, कधी बसवलीस?"

निंबाने हात जोडले. "त्याच रात्री. शेठनं बसवायला लावली."

"जाळ्या लावा म्हणून कारखान्यांच्या इन्स्पेक्टरने दोनदा बजावलं होतं ना, शेठ? त्याच्या कचेरीतली नोंद मी पाहून आलोय. माणूस आत मेला असता तर परवाना गेला असता आणि खटलाही झाला असता. म्हणून तुम्ही दोघांनी त्याला गल्लीत नेऊन ठेवला. नाव घ्यायला यादव होताच. त्याच्याबद्दल काहीही खरं वाटतं."

शेठने फौजदाराकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

यादव दुपारी सुटला. घरी न जाता तो शोभाला घेऊन लोटूच्या दारी गेला. सुधाकर आणि मास्तर मागे थांबले. लोटूची बायको मालूबाई उंबऱ्यात उभी राहिली. कोठडीबाहेर तिने यादवला शिव्याशाप दिले होते. आता तिनेच त्याला बसायला पायरी दाखवली.

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्हाला मार माहीत आहे. त्याला लई दुखलं असंल का हो?"

यादव पायरीवर बसला. त्याने स्वतःच्या कानशिलाला बोट लावलं.

"नाही, वहिनी. इथं मी खाल्लाय. दुखायच्या आधीच अंधार होतो."