तळ्यातले जुने मासे

आनंदराव मचालेंचे मासे मारून गोकुळ वाघमोडेला काय मिळणार होतं, याची बेरीज हवालदार म्हाळसा कोळपे शिरूरहून निघाल्यापासून करत होती, आणि दर वेळी ती शून्याच्या खाली जात होती.

गोकुळ कुरकुंभच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे शिफ्ट करायचा. आता त्याला कायम करायचं ठरलं होतं. अडलं होतं ते फक्त पोलिसांच्या दाखल्यावर. आणि आनंदरावांनी, मराठ्याच्या घरात धनगराचं पोरगं जावई म्हणून येणार हा घास दोन वर्षं चघळून, अखेर सांगितलं होतं, "आधी कायम हो. मग स्नेहलचं बोलू." म्हणजे गुन्हा दाखल झाला की नोकरी गेली, आणि तिच्या मागोमाग स्नेहलही. एवढं पणाला लावून माणूस कुणाचे मासे मारतो? मारतही असेल. याहून महागडा मूर्खपणा म्हाळसाने नोकरीत पाहिला होता.

फोन आनंदरावांच्या मुलाचा, सत्यजीतचा होता. "गोकुळनं तळ्यात केमिकल ओतलंय. लगेच या."

इनामगावच्या पुढे, घोड नदीच्या काठाला मचालेंचं शेततळं. काळ्या प्लास्टिकवर पाणी, आणि पाण्यावर पांढरी पोटं. सगळे वीतभर मासे. सगळ्यांची तोंडं उघडी, कल्ले फाकलेले.

पण त्या पोटांमधून काळ्या पाठी सरकत होत्या. वर येत, पाण्याला तोंड लावत, संथपणे खाली जात.

"हे जिवंत कसे?" म्हाळसाने विचारलं.

"ते गेल्या वर्षीचे. मोठ्यांत ताकद असती."

"तो बघा, तो तर वीतभरच आहे."

"जुन्यातलाच हाय. काही खुरटेच राहत्यात." सत्यजीतने मान फिरवली. "मेलेले समदे नवे. कालच संध्याकाळी सोडले. दौंडच्या पलीकडनं आणले."

"येतानाच आजारी असतील."

"न्हाई. अंगणात चला, दाखवतो."

अंगणात एका पिंपात त्याच खेपेतले शिल्लक राहिलेले दहाबारा मासे होते. पाण्यात हवा सोडणारा बॅटरीवरचा छोटा बुडबुड्या लावलेला. मासे झकास फिरत होते. म्हणजे रोग नव्हता. सत्यजीतने स्वतःच ती वाट बंद केली, हे म्हाळसाने मनात टिपलं.

मग त्याने पुरावा पुढे केला. तळ्याच्या बांधावर सापडलेला निळा कॅन. वर कारखान्याचं फाटकं लेबल. म्हाळसाने आत डोकावलं. आत पाण्याच्या क्षाराचा पांढरा थर बसला होता, चांगला जुना. त्या भागात कुरकुंभचे रिकामे निळे कॅन घरोघरी असतात. कोणी पाणी साठवतं, कोणी भुसा. तिने नजर सहज फिरवली. न्हाणीच्या दगडाशेजारी ओल्या जमिनीवर एक गोल कोरडा डाग होता. तिथे रोज काहीतरी ठेवलेलं असायचं, आणि आज नव्हतं.

"पाण्यात हवा सोडायचं मशीन रात्रभर चालू होतं?"

"रातभर." हे सांगताना सत्यजीत तिच्याकडे न बघता तळ्याकडे बघत होता.

मशीनची खटक्याची पेटी घराच्या भिंतीला होती. पत्र्याची, जुनाट. कुलूप मात्र नवंकोरं.

"आजच लावलं," तो म्हणाला. "आता कुणाचाच भरवसा न्हाई. आन् मॅडम, राग नका मानू, पण तुम्ही पडला गोकुळच्याच पावण्यातल्या. तपास सरळ होईल ना?"

"सरळच होतो माझा. म्हणून तर बढती मिळत नाही."

ओसरीत आनंदराव बाजेवर उशांना टेकून बसले होते. हृदय फुगत चाललंय, असं डॉक्टर म्हणाले होते. उशाशी प्राणवायूचं मशीन, त्याखाली व्होल्टेज दाखवणारा स्टॅबिलायझर.

"या हवालदारीणबाई," ते दमादमाने म्हणाले. "माशांना मशीन, मला मशीन. या घरात फुकटचा श्वास घेणारा हा एकटा सत्या."

म्हाळसा हसली. आनंदरावांची बायको सोजराबाई हसली नाही. ती पदराने मशीनवरची धूळ पुसत राहिली.

"दिवसभर लागतं का हे?"

"दिवसा न्हाई. अंधार पडला की धाप लागती ह्यांना," सोजराबाई म्हणाली. "मंग पहाटंपतुर."

"आबा, गोकुळवर संशय आहे तुमचा?"

म्हातारा थोडा वेळ श्वासच गोळा करत बसला. "पोरगं गरीब हाय, पर येडं न्हाई," तो म्हणाला.

म्हाळसाने वीतभर लांबीचे दोन मासे घेतले. एक मेलेला नवा आणि एक खुरटा जुना. तो बादलीत जिवंत. ती दौंडला गेली. रेल्वे कॉलनीत मोनिका शिंगाडे राहायची, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि माशांच्या हृदयावर तिने बरीच वर्षं घालवली होती.

"नवऱ्याचं हृदय कळलं नाही, म्हणून माशांकडे वळले," असं ती सांगायची.

तिने मेलेल्याचे कल्ले पाहिले. "हा गुदमरून गेलाय. बघ, तोंड उघडं, कल्ले ताणलेले. पाण्यातली हवा संपली."

"विष नाही?"

"पाणी तपासायला पाठव, नक्की कळेल. पण विष होतं, तर जुना खुरटा का वाचला? अंगाने तो नव्याएवढाच आहे." तिने बादलीतल्या माशाकडे बोट केलं. "पाण्यातली हवा कमी झाली की माशाचं हृदय आपल्यासारखं धडधडत नाही, उलट हळू होतं. ठोके कमी, पण प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त. एका रात्रीत हे नीट जमत नाही. रोज थोडा त्रास झाला, की महिन्याभरात रक्तही बदलतं, हृदयही. मग तो कमी हवेत तग धरतो. नव्याला ती सवयच नव्हती."

"म्हणजे जुन्यांना सवय होती."

"सवय कुणीतरी लावली होती," मोनिका म्हणाली. "एका रात्रीची चूक नाही ही. त्या तळ्याची हवा रोज रात्री बंद होत होती. खूप दिवसांपासून."

संध्याकाळी ठाण्यात सत्यजीत खुर्ची अडवून बसला होता. आजच गुन्हा लिहा, गोकुळला आजच उचला. मध्येच त्याचा फोन वाजला. तो टेबलावर उताणा पडला होता, म्हाळसाला नाव दिसलं: आई. त्याने कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा म्हाळसा म्हणाली, "घ्या की."

"घरचं चालूच असतं," म्हणत त्याने फोन बंदच करून टाकला.

म्हाळसाने 'पाण्याचा अहवाल आल्यावर बघू' म्हणून त्याला वाटेला लावलं. सकाळी कळलं, रात्री तो घरी पोचायच्या आतच आनंदराव गेले होते.

"आता गोकुळच्या नावावर बापाचाबी जीव लिहा," सत्यजीत फोनवर म्हणाला. "धसक्यानं गेलं माझं वडील."

म्हाळसाने सावडणं होऊ दिलं. मग ती मचालेंच्या घरी गेली. पुण्याहून आलेली स्नेहल ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. गोकुळ अंगणाबाहेर चप्पल काढून उभा होता. आत या, असं कुणी म्हटलं नव्हतं. बाज उभी करून भिंतीला लावली होती. मशीन तिथेच होतं.

सोजराबाईच्या हाताला फडकं बांधलेलं होतं. बांगड्या फोडताना लागलं असणार, असं आल्यागेल्या बायका म्हणत होत्या. म्हाळसाने तो हात हातात घेतला. मनगट साफ होतं. सोललेली होती ती बोटांची पेरं आणि तळवा.

ती उठून भिंतीवरच्या पेटीपाशी गेली. पत्रा आत चेपला होता, कुलूप मात्र तसंच होतं. खाली एक दगड पडला होता.

"सत्यजीत, बसा," ती म्हणाली. "पाण्याचा अहवाल आलाय. विष नाही. मासे गुदमरून मेले. मशीन रात्रभर चालू असतं, तर गुदमरले नसते. तुम्ही मला सांगितलं, चालू होतं."

"मला तसंच वाटलं."

"मग सकाळी नवं कुलूप पेटीला कशाला? केमिकल ओतणारा तळ्यावर येतो. पेटीला कुलूप लावतो तो, ज्याला ठाऊक असतं की खटका घरातूनच बंद होतोय."

गोकुळने मान वर केली.

"जुने मासे जगले, कारण त्यांना सवय होती. महिनोन् महिने रोज रात्री तळ्याची हवा बंद होत होती, रात्रीच. आणि या घरात फक्त रात्रीच चालणारी दुसरी गोष्ट एकच." तिने आनंदरावांच्या मशीनकडे पाहिलं. "बाई, लाईट डिम व्हायची ना?"

सोजराबाईने भिंतीला लावलेल्या बाजेकडे पाहिलं.

"दोन्ही मशीन चालू केली की ह्यांचं मशीन टीं टीं करून बंद पडायचं. मी पोराला सांगितलं. तो म्हणला, येगळ्या मीटरचा अर्ज केलाय. मंग मी अंधार पडला की तळ्याचं बंद करायची, पहाटं चालू. मासे मरतील असं तो म्हणायचा. न्हाई मेले. एकबी न्हाई मेला. मला वाटलं, त्यास्नी लागतच न्हाई."

"अर्ज कुठे केला होता, सत्यजीत? व्होल्टेजचा संशय आला, तेव्हाच मी वीज कंपनीत विचारून आले. अर्जच नाही."

म्हाळसा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सकाळी तुम्ही उठलात. मासे मेलेले, खटका बंद. कोणी केला, ते तुम्हाला त्याच क्षणी कळलं. आईला चार शब्द विचारायचे होते. त्याऐवजी न्हाणीतला कॅन उचलून बांधावर ठेवलात. त्यात पाण्याच्या क्षाराचा थर आहे, आणि न्हाणीत त्याचा डाग. आईचं नाव झाकलं गेलं आणि गोकुळचं पुढे आलं. त्याचा दाखला अडला की सोयरीक मोडणार होती. एका कॅनमध्ये दोन कामं."

"आईला पोलिसात ओढू?" सत्यजीतचा आवाज चिरका आला. "आन् त्याला जावई म्हणून मिरवू? भावकीत तोंड दाखवायला जागा ऱ्हायली नसती."

"कॅन माझाच, ते मी वळखलं व्हतं," सोजराबाई म्हणाली. "पर पोराला चारचौघांत खोटं कसं पाडू? गप बसले."

"त्या संध्याकाळी आबांचं मशीन वाजायला लागलं," म्हाळसा म्हणाली. आता तिचा आवाजही खाली आला होता. "तळ्याचं मशीन चालू, पेटीला कुलूप, किल्ली तुमच्या खिशात, आणि तुम्ही माझ्यासमोर. त्यांनी तीनदा फोन केला. मग दगड घेतला, पण पेटी उघडली नाही."

स्नेहलने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. सत्यजीत पेटीकडे बघत राहिला, चेपलेल्या पत्र्याकडे, जणू तो आत्ताच पहिल्यांदा दिसत होता.

"मला वाटलं, ती कुलुपाचंच भांडायला फोन करतीय," तो म्हणाला. "आई, तू का बंद करतीस, ते मला सांगायचंस."

"सांगितलं व्हतं," सोजराबाई म्हणाली. एवढंच. शिवी नाही, शाप नाही. तिने फक्त फडक्याची गाठ पुन्हा नीट बांधली.

खोटी तक्रार आणि खोटा पुरावा, यासाठी सत्यजीत जीपमध्ये बसला. कुणाला त्याचा हात धरावा लागला नाही. बापाच्या मरणासाठी त्याच्यावर कुठलं कलम लागतं, हे म्हाळसाला माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसल्याचं तिला बरं वाटलं.

गोकुळला दाखला मिळाला. तो कायम झाला. पण 'मग बोलू' म्हणणारा माणूस उरला नव्हता, आणि स्नेहल पुण्याला परत गेली ती त्याच्याशी न बोलताच. भाऊ ज्याच्यापायी आत गेला आणि बाप ज्याच्यापायी गेला, असं तिला वाटत होतं, त्या माणसाकडे तिला बघवेना. तसं नाही, हे तिलाही कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

त्या दिवशी निघताना म्हाळसा तळ्यावर थांबली होती. पेटीचं कुलूप काढलं होतं. सोजराबाईने मशीन चालू केलं होतं. आता ते रात्रभर चालणार होतं, त्याला हरकत घेणारं कुणी नव्हतं. पाणी उसळत होतं, भरपूर हवा होती.

किंमत दिली ती नव्या माशांनी, म्हाताऱ्याने, एका मुलीने, आणि ज्याने काहीच केलं नव्हतं त्या गोकुळने. सत्यजीतची आत्ता कुठे सुरू होत होती, सोजराबाईची संपणार नव्हती.

जुने मासे तेवढे सुटले. त्यांनी आपली किंमत आधीच भरून ठेवली होती, रोज रात्री थोडी थोडी, आणि कुणाला कळलंही नव्हतं.