तीनदा चमकणारा आरसा

"पाण्यात घोट्याच्या वर नाही हं!" आत्याने पुन्हा बजावलं, तोवर आरोही आणि आत्याच्या शेजारी राहणारी तिची मैत्रीण फिजा सुरूच्या बनातून भाट्याच्या किनाऱ्यावर पोचल्याही होत्या.

समुद्र अजून पेंगुळलेला होता. पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे सुरू होतं, कळतच नव्हतं. लांज्याहून सुट्टीला आलेल्या आरोहीला वाटे, अझीममामूंची होडी रोज आभाळातूनच उतरते!

फिजाचे हे मामू सकाळी मासे घेऊन परतताना लांबूनच आरशाने खूण करत. एक चमक म्हणजे येतोय, बर्फ काढा. दोन म्हणजे मदत पाठवा. पण लाटेआड एखादी चमक हरवे, कधी नुसतं पाणीच चमके. म्हणून मुलींनी गळ घातली होती, "मामू, प्रत्येक खूण थांबून थांबून तीनदा करा. जी दोनदा जुळेल ती खरी!"

"ती बघ!" फिजा ओरडली.

एक चमक.

बर्फवाल्या रावजीकाकांनी मोबाइलमधून मान वर केली. "आला! बर्फ काढतो."

"काका, अजून दोनदा यायचीय!"

"रोज एकच तर असते! त्यात काय बघायचं?" आणि ते वळलेसुद्धा.

आरोहीने श्वास रोखला. चमक, चमक. मग काहीच नाही. पुन्हा चमक, चमक.

"एक, दोन, दोन! फिजा, पहिल्या वेळी लाट आड आली!"

"नाहीतर नंतर पाणीच चमकलं असेल..."

"दोन्ही वेळा अगदी तसंच?"

फिजाचा चेहरा उतरला. होडी किनाऱ्याकडे येत नव्हती. ती खडकांकडे वाहत चालली होती!

"काका, मामू अडकलेत!"

"उगीच घाबरवू नका गो!"

आरोहीने सरळ त्यांच्या हातातला मोबाइलच काढून घेतला. "आता तिकडे बघा! मामू पुन्हा खूण करतायत!"

चमक, चमक.

रावजीकाका दोर घेऊन आपल्या मोटारबोटीकडे धावत सुटले.

होडी ओढून आणली तेव्हा मुली पाण्यात धावल्या. मामू नखशिखांत भिजले होते. "इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकलं. खडक हातभर राहिले होते! पोरींनो, एकदाच खूण केली असती तर...?"

मागोमाग आलेल्या आत्याने आरोहीचा गुडघ्यापर्यंत भिजलेला परकर पाहिला, डोळे वटारले आणि तिला घट्ट कुशीत घेतलं. "शहाणी माझी बाय!"

दुसऱ्या दिवशी रावजीकाका मोबाइल खिशात ठेवून मुलींच्या शेजारी उभे होते.

"एक," ते पुटपुटले. थोड्या वेळाने, "एक."

"दोनदा जुळली, काका! कळलं की आता!" फिजा हसली.

"थांब गो," समुद्रावरची नजर न काढता काका म्हणाले, "तिसरीही बघू दे."