आणखी एक थर

चष्मेवाला पहिल्यांदा आला तो आत्याचा नवा चष्मा पोचवायला. मी नेमकी ओल्या लाल रंगाचा पत्रा हातात धरून स्प्रे-बूथमधून मागे मागे येत होते, आणि तो दारातून आत. धडक तेवढी व्हायची राहिली. त्याने माझ्या मास्कवरच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग पत्र्याकडे, मग पुन्हा... जाऊ दे.

"हा लाल आतून कसा उजळतो?" त्याने विचारलं.

"खाली चंदेरी रंग, वर लाल रंगाचे पारदर्शक थर. उजेड आत जाऊन परत येतो."

"आणि उन्हात?"

वर्मावरच बोट! असे रंग उन्हात उडतात, म्हणून आत्याचा त्यांच्यावर राग, आणि गाड्या रंगवायचं वर्कशॉप तिचं. मी मात्र हट्टाने वेगळी रंगद्रव्यं शोधून, वर ऊन अडवणारं लॅकर मारून नवं मिश्रण जमवलं होतं. "नाही उडणार," मी ठणकावून सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी स्वारी बाईकची टाकी घेऊन हजर. डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल करून दिली. महिन्याभरात टाकी परत.

"फिकट झालीये हो..."

मला काही ती फिकट दिसेना. पण दिवसभर लोकांची नजर तपासणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर मी काय बोलणार? लॅकर घासलं, लाल रंगाचा आणखी एक थर मारला. तो स्टुलावर बसून बघत राहिला.

"मास्कमागे तुम्ही हसता ना, ते कळतं बरं का."

"मी हसत नव्हते."

"मग डोळ्यांना काय झालं होतं? तपासून देऊ?"

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग पुन्हा. माझं डोकं चक्रावलं. गच्चीवर उन्हात ठेवलेला माझा नमुन्याचा पत्रा, अर्धा झाकलेला, अर्धा उघडा, आणि दोन्हीकडे अगदी एकच लाल! पत्रा म्हणतो ठीक, चष्मेवाला म्हणतो फिकट. खरं कोण? आणि तो आला की माझं लक्ष टाकीवर का नसतं? झोपेचं पार खोबरं झालं.

चौथ्यांदा टाकी परत आली तेव्हा आत्या म्हणाली, "बास झालं गं. हा थर शेवटचा. उद्यापासून पारदर्शक रंग बंद, सरळ पांढऱ्या व्हॅन रंगवायच्या. सारखा परत येणारा रंग मी गिऱ्हाइकांना कोणत्या तोंडाने विकू?" आणि ती केबिनमध्ये निघून गेली.

मी घासायचा कागद उचलला.

"थांबा." चष्मेवाल्याचा चेहरा पार उतरला होता. "घासू नका. रंग... फिकट झाला नव्हता. कधीच."

"म्हणजे?"

"टाकी पहिल्यांदाच सुरेख झाली. आता तुम्हाला भेटायला यायचं कसं, ते सुचेना... म्हणून."

मी टाकीकडे पाहिलं. पारदर्शक रंग प्रत्येक थराबरोबर गडदच होतो. डाळिंब केव्हाच वांग्याच्या रंगावर गेलं होतं. मला हे दिसत होतं, तरी मी माझे डोळे सोडून त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला! रागाने कान तापले. आणि आत इतकं बरं वाटत होतं, की त्याचाच जास्त राग आला.

"माझं काम बंद पडत होतं, कळतंय का तुम्हाला?"

"आत्ता कळलं. आत्यांना सांगून येतो."

तो खरंच गेला. काचेतून दिसत होतं... तो मान खाली घालून बोलतोय, आत्या हात नाचवतेय, मग कपाळावर हात मारतेय, आणि मग... हसतेय?

बाहेर आला तो कानापर्यंत लाल होऊन. "तुमचे रंग चालू राहणार. आणि म्हणाल्या, भाचीचं काय ते तिलाच विचार."

हा राग आहे, प्रेम आहे, की एकावर एक दोन्ही... मला अजून काही कळत नव्हतं. पण टाकी उचलून तो दाराकडे वळला, तशी मी कागद टाकून त्याच्या मागे गेले.

"अहो," मी म्हटलं, "उद्या या. पण टाकी घरी ठेवून."