पहिल्या रांगेतली टोकाची खुर्ची

हे खरं घडलेलं आहे. पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. मला आता कुणाला पटवत बसायची हौस उरलेली नाही.

शहराचं नाव सांगणार नाही, विद्यापीठाचंही नाही. नोकरी अजून तिथेच आहे माझी. राजधानी बिश्केकपासून दिवसभराच्या वाटेवर, डोंगरात आहे, एवढं पुरे.

जानेवारीतला शेवटचा गुरुवार. दुपारचे चार. बाहेर बर्फावर लख्ख ऊन पडलं होतं. रात्र नव्हती, वादळ नव्हतं.

तरीही ते घडलं.

माझं काम म्हणजे 'आगामी कार्यक्रम'. कुणाचं व्याख्यान, कुठला परिसंवाद, सगळं फलकावर लावायचं आणि मग सभागृह भरायचं. भरायचं म्हणजे काय, तर चालू तासावरून पोरं उठवायची, मेंढरांसारखी हाकत आणायची आणि दार अडवून उभं राहायचं. सगळी विद्यापीठं हेच करतात. आमचा माइकवाला एल्दियार मला 'टाळ्यांची ठेकेदार' म्हणतो. हसायला येत नाही मला.

इतक्या वर्षांत स्वतःच्या पायांनी येणारा श्रोता मी एकच पाहिला.

असनाकुन अगाय.

आमच्याकडे सरांना अगाय म्हणतात. हे निवृत्त झालेले. उभा जन्म एकाच हिमनदीवर काढला त्यांनी. दर उन्हाळ्यात वर जायचे, बर्फ किती मागे सरकला ते मोजायचे. प्रत्येक व्याख्यानाला यायचे, पांढरी उंच टोपी, आमचा कल्पाक, मांडीवर ठेवून पहिल्या रांगेत टोकाच्या खुर्चीवर बसायचे. वक्ता कितीही रटाळ असो, शेवटपर्यंत.

त्यांची एकच इच्छा होती. एकदा आपणही तिथे उभं राहून बोलायचं. हिमनदी आता किती उरली आहे, ते गावाला सांगायचं.

"फार नको बुरुल," ते मला म्हणाले, "एक दुपार दे. आणि पोरं हाकून आणू नकोस. ज्याला यायचं तो येईल."

"कुणीच नाही आलं तर, अगाय?"

"तू आहेस ना? इतकी व्याख्यानं भरवलीस, एक तरी बसून ऐकलंस का? सारखी दारात उभी. माझ्या वेळी तू समोर बसायचं. माझ्या जागेवर. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले.

पहिल्यांदा ठरलेल्या तारखेला मंत्रालयातून पाहुणे आले. पुढे ढकला. दुसऱ्या तारखेला नोरूझ सणाच्या नाचाची तालीम निघाली. पुढे ढकला. तिसऱ्या वेळी तर कारणही सांगितलं नाही. प्र-कुलगुरू झानिश अगाय फोनवर एवढंच म्हणाले, "म्हातारा कुठे पळून चाललाय?"

दर वेळी फलकावरची तारीख मी बदलायची. दर वेळी अगायना मी सांगायचं. ते हसून म्हणायचे, "असू दे पोरी. बर्फ काय एका आठवड्यात वितळत नाही."

चौथी तारीख मी भांडून घेतली. गुरुवार, चार वाजता.

त्याच आठवड्यात सोमवारी अगाय गेले. झोपेतच. बुधवारी माती दिली. मी रडले कमी आणि चिडले जास्त.

गुरुवारी सकाळी अगायच्या सुनेनं गरम बोर्सोकांचं, पिठाच्या तळलेल्या गोळ्यांचं, ताट विद्यापीठात पाठवलं. गुरुवारी तेल तापवायचं, पीठ तळायचं, तो वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो. मग वडीलधाऱ्यानं दुआ द्यायची, सगळ्यांनी तळवे पसरायचे, ओमिन म्हणत हात चेहऱ्यावरून फिरवायचे. त्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. आमच्यात तर कुठलंच बसणं दुआ झाल्याशिवाय संपत नाही.

मी ताट घेऊन थेट झानिश अगायच्या खोलीत गेले. इमारतीत वयानं मोठे तेच होते.

"अगाय, चार वाजता सभागृहात जमू या. तुम्ही दुआ द्या. तास त्यांचाच होता."

"सभागृह मी दिलंय. बिश्केकहून तो मुलगा येतोय, 'यशस्वी कसं व्हावं' वाला."

"ती असनाकुन अगायची तारीख आहे!"

"मग? मेलेला माणूस येणार आहे बोलायला?"

"निदान दुआ तरी..."

"अगं नंतर देऊ! दुआ काय पळून चालली? पाहुणा जिन्यात आलाय. जा, पोरं आण."

गेलेल्या माणसाची दुआ कुणी 'नंतर' म्हणून ठेवतं का? पण मी नोकर माणूस. ताट खाली माझ्या खोलीत कपाटावर ठेवलं आणि पोरं हाकायला गेले.

चार वाजले. सभागृह भरलं. पोरं नेहमीसारखी मागे दाटीवाटीनं, मोबाइलमध्ये माना घालून. पहिली रांग रिकामी.

आमच्या खुर्च्या जुन्या, लाकडी, स्प्रिंगच्या. माणूस बसला की बैठक खाली जाते. उठला की खाट् करून वर.

बिश्केकचा मुलगा टुणकन उडी मारून मंचावर चढला. "मित्रांनो, तुमचं स्वप्न काय आहे?"

एकही मान वर झाली नाही.

आणि मग...

पहिल्या रांगेत, टोकाला... एक बैठक हळूहळू खाली गेली.

खाली गेली, आणि तिथेच राहिली.

मला वाटलं, स्प्रिंग तुटली असेल.

मग वास आला...

तापलेल्या तेलाचा. ताज्या तळणीचा. ताट तर खालच्या मजल्यावर थंड पडलं होतं.

पोरांनीही माना वर केल्या. एकीनं पटकन तळवे पसरले, सवयीनं.

मंचावर त्या मुलाचे ओठ हलत होते. पण आवाज येत नव्हता. मी एल्दियारला खूण केली. तो बटणं दाबत होता, वायर ओढत होता, मानेनंच नाही नाही म्हणत होता.

मग कर्ण्यांतून काहीतरी ऐकू आलं...

टप...

टप...

पाणी. लांब कुठेतरी बर्फाखाली ठिबकणारं पाणी.

एल्दियारनं मुख्य वायरच उपटली. हातात धरून मला दाखवली.

टप...

सगळं सभागृह ऐकत होतं. एकही मोबाइल चालू नव्हता. इतकी वर्षं मी पोरांना गप्प बसवायला घसा फोडला, ती आज श्वास धरून बसली होती.

बिश्केकचा मुलगा कोट विसरून निघून गेला.

झानिश अगाय दुसऱ्या रांगेतून ताडकन उठले. "झालं! संपलं! उठा!"

कुणी उठेना. पोरं तळवे पसरून बसली होती. पुढच्या पोरानं हळूच विचारलं, "अगाय, दुआ?"

त्यांनी चिडून हात पसरले, तोंड उघडलं...

शब्दच फुटेना. ओठ हलत होते, घशाच्या शिरा ताणल्या होत्या. त्या मुलासारखंच.

शेवटी पोरं तशीच, दुआविना, एकेक करून बाहेर पडली. खाट्, खाट्, खाट्, सगळ्या खुर्च्या वर गेल्या.

टोकाची सोडून.

पुढचे सगळे कार्यक्रम असेच गेले. कवितावाचन, पाण्याची बचत, परदेशी शिष्यवृत्ती. वक्ता उभा राहिला की ती बैठक खाली जायची, वास यायचा, आवाज जायचा. सुतारानं स्प्रिंग बदलली, तरी तेच. आणि शिव्या कोणाला? मला! "कसली व्यवस्था ठेवतेस तू?"

सगळ्यांना भीती वाटत होती. मला तर राग येत होता. मेल्यावरही बिचारे दुसऱ्यांचीच व्याख्यानं ऐकत बसले होते, आपली पाळी येईल म्हणून!

एका दुपारी झानिश अगाय स्वतः माझ्या खोलीत आले. तोंड उतरलेलं होतं. दार लावून घेतलं.

"बुरुल, घरी जेवण झालं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मी हात पसरतो आणि... दुआ येत नाही मला. बाकी सगळं बोलता येतं. नातवंडं घाबरतात."

मी तारखांची वही उघडली.

"दे त्याला तारीख," ते म्हणाले.

गुरुवार. चार वाजता. फलकावर मी फक्त त्यांचं नाव लावलं. पोरं हाकली नाहीत.

कुणी आलं नाही. कोण येणार? दारात मी एकटी. वरून ऊन येत होतं. ती टोकाची बैठक नेहमीसारखी खाली होती.

चार वाजले...

खाट्.

ती वर गेली. कुणीतरी उठलं होतं.

मंचाच्या लाकडी पायऱ्या करकरल्या. एक... दोन... तीन...

मग मागच्या रांगेतली एक बैठक खाली गेली. तिच्या शेजारची. मग पुढची रांग. तिच्या पुढची. सावकाश, कुणीही न ढकलता, कुणीही न हाकता... सगळं सभागृह भरलं.

कोण होते ते? मला माहीत नाही. अगाय इतक्या वर्षांत डोंगरावर कुणाकुणाला भेटले असतील, कुणास ठाऊक.

टप... टप... पाणी सुरू झालं.

सगळ्या बैठका खाली होत्या. फक्त टोकाची वर होती. रिकामी.

'माझ्या जागेवर. कबूल?'

मी आत गेले नाही. मी दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि बाहेर भिंतीला टेकून वाट पाहिली. संपलं की खुर्च्या वाजतील, मग उघडू.

खुर्च्या वाजल्या नाहीत.

त्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी नाही. आज वसंत आला, नदीला पूर आलाय, तरीही नाही. दाराला कान लावला की फक्त पाणी ऐकू येतं. हल्ली जरा जोरात येतं.

झानिश अगाय रोज फोन करतात.

"संपलं का?"

"नाही, अगाय."

"मग माझे कार्यक्रम?"

"पुढे ढकलले," मी सांगते. सुरुवातीला हे म्हणताना फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आता नाही वाटत. कारण काल मी दार फटीएवढं उघडून पाहिलं. सगळ्या बैठका अजून खालीच होत्या. टोकाची वर होती. आणि मी बघत असतानाच पाणी थांबलं...

बोलताबोलता दारात कुणी उशिरा आलं, की वक्ता थांबतो ना, तसं.

मी दार लावून घेतलं. उद्या गुरुवार आहे.