डावी बाही

तो पहिल्यांदा आमच्या दुकानात शिरला आणि थेट माझ्या कात्रीला हात घातला.

शिंप्याची कापडाची कात्री दुसऱ्या कशाला लावायची नसते, कागदालासुद्धा नाही. आणि हा शेजारच्या गाळ्यात नवा आलेला सोफेवाला, दूरदेशचा, आमच्या भाषेचं ओ की ठो न कळणारा, त्याच कात्रीनं खुशाल सुतळी कापत होता. मी माझ्या भाषेत त्याची बिनपाण्यानं केली. त्यानं त्याच्या भाषेत बहुतेक माफी मागितली... डोळे तरी तसेच होते.

दुसऱ्या दिवशी त्यानं कात्रीला धार लावून आणली, वर आईची डगमगणारी खुर्ची घट्ट करून दिली. आईनं त्याला जेवायला बसवलं. तो तेव्हा बसला तो बसलाच म्हणा ना. आमच्याच ताटावर तो आमची भाषा शिकला. माझं ऐकून तोही आईला आई म्हणायला लागला, आणि तीही त्याला माझ्याइतकीच ओरडायला लागली. मी त्याला लंबू म्हणायची, तो मला मास्तर.

एकदा शर्टासाठी त्याचं माप घेत होते. सोफ्याचे पट्टे ताणून ताणून त्याचा डावा हात उजव्यापेक्षा बोटभर लांब झालाय, असं तो सांगायचा. टेप लावली तर खरंच निघालं.

"मास्तर, टेप पुरेल ना?"

"टेप पुरेल. तू हलू नकोस."

"मी नाही हलत. तुझा हात हलतोय."

मेला खरं बोलत होता. तेव्हापासून ती मापं माझ्या डोक्यात जी बसली ती बसलीच.

मग चुलतबहिणीचं लग्न ठरलं. काकांनी राखाडी कापड आणून टाकलं, अगदी बेताचं. घरच्या सगळ्या पुरुषांना एकसारखे कोट, म्हणजे फोटो कसा उठून दिसेल.

"लंबूलाही शिवू की," आई म्हणाली.

"वहिनी, तो घरच्यासारखा आहे, घरचा नाही. त्याला फोटोत कशाला?"

लंबू दारातच उभा होता, आईच्या खुर्चीची नवी गादी घेऊन. त्यानं ती खुर्चीवर नीट बसवली आणि निघून गेला.

दोन दिवसांनी म्हणाला, "गाळा सोडतोय. मायदेशी जातो."

"का?"

"घरच्यासारखा... इतके दिवस मला वाटायचं, चांगला शब्द आहे."

मला काकांचा राग आला, त्याचा त्याहून जास्त आला. गप्प राहून निघाला होता शहाणा. तसल्या डोक्यानं मी काकांचा कोट कापायला घेतला, आणि जे डोक्यात होतं तेच कापलं.

ट्रायलच्या दिवशी सगळे जमले. लंबू गाळ्याची किल्ली आईकडे ठेवायला आला होता. काकांनी कोट चढवला. खांदे दंडावर उतरले, बोटं बाहीत गडप झाली. आईनं दोन्ही बाह्या धरून पाहिल्या. डावी लांब होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग लंबूकडे, आणि टेप गळ्यात अडकवून खुर्चीत जाऊन बसली.

"हे कुणाचं माप?" काकांनी विचारलं.

"त्याचं," मी म्हटलं.

"चूक झाली म्हण."

"कापताना झाली. आता विचारताय म्हणून सांगते – चूक नाही."

"अगं, भावासारखा आहे तो तुला. लोक काय म्हणतील?"

"लोकांना ट्रायलला बोलवा. काका, तो घरच्यासारखा आहे हे तुम्हीच म्हणालात. मला तसला सारखा-बिरखा नकोय. मला तो घरचा हवाय. माझा हवाय. द्या तो कोट इकडे."

काकांच्या अंगातून कोट काढला आणि लंबूसमोर धरला. तो जागचा हलेना.

"मास्तर... मी गाळा सोडल्याचं मालकाला सांगून बसलोय."

"मग जाऊन सांग, सोडत नाही म्हणून. की तुलाच जायचंय?"

त्यानं किल्ली परत खिशात टाकली. मग हात घातला, आधी डावा. बाही बरोबर मनगटावर येऊन थांबली. माझे डोळे भरून आले... पण कॉलर मात्र मी सरळ केली.

"हात अजून हलतोय तुझा," तो हळूच म्हणाला.

"हलू दे. आता कोण बघतंय."

सगळेच बघत होते. आई तेवढी उठून काकांपाशी गेली.

"भाऊजी, हात वर करा. तुमचं माप नव्यानं घेते."

"पण वहिनी, कापड तर संपलं."

"संपलं ना," आई टेप सोडवत म्हणाली. "तुम्ही फोटोत दुसऱ्या रंगात उभे राहा."